दामाजीचं कोठार आणि माझं दुकान

धान्याचा ट्रक आला की हमाल पोती उतरवतात, मी चलनाशी मोजून घेते, आणि थप्पी लागली की पोत्यांवर छापलेलं वाचत बसते. ही सवय माझ्या सासऱ्यांची. त्यांना आम्ही दादा म्हणायचो. हंगामाचं वर्ष, राज्याचं नाव, वजन. गहू पंजाबचा नाहीतर हरियाणाचा, कधी मध्य प्रदेशचा. तांदूळ छत्तीसगडचा, तेलंगणाचा. दादा प्रत्येक नाव मोठ्यानं वाचायचे आणि म्हणायचे, "केवढा प्रवास करून आलाय बघ."

आमच्या रेशनच्या दुकानाच्या मागच्या भिंतीपासून आमचं रान सुरू होतं. मंगळवेढ्याची काळी, खोल जमीन. उन्हाळ्यात तिला कोपरापर्यंत हात जाईल अशा भेगा पडतात. सप्टेंबरच्या शेवटी, ऑक्टोबरात त्यात मालदांडी पेरायची. पुढं पाऊस नसतोच. जमिनीनं पोटात धरून ठेवलेल्या ओलीवर आणि पहाटेच्या थंडीवर ज्वारी येते. हे वाण आमच्याच जिल्ह्यातल्या मोहोळच्या कृषी संशोधन केंद्रावर निवडलेलं. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. भिंतीच्या एका अंगाला दीड हजार किलोमीटरहून लांबून आलेला गहू, दुसऱ्या अंगाला ही ज्वारी. मधली भिंत नऊ इंची आहे. तीस वर्षं मी त्या भिंतीच्या दोन्ही बाजूंना वावरते आहे, आणि एक प्रश्न मला सोडत नाही. भुकेल्याला अन्न द्यायचं, तर ते कुठलं द्यायचं हे कोणी ठरवायचं? आणि देणाऱ्यानं त्यावर अट घातली, तर ते देणं उरतं का?

हा प्रश्न पुरवठा खात्याचा आहे असं मला कधी वाटलं नाही. मी वारकऱ्याच्या घरात दिलेली मुलगी. मला तो दामाजीपंतांचा प्रश्न वाटतो.

मंगळवेढ्यात दामाजीपंतांचं देऊळ आहे. त्यांची कथा महिपतींनी भक्तविजयात सांगितली आहे आणि आमच्याकडच्या लहान पोरालाही ती ठाऊक असते. पंधरावं शतक, बिदरच्या बहमनी सुलतानाचा अंमल, दामाजीपंत मंगळवेढ्याचे अधिकारी. दुष्काळ पडला. पंढरपूरचा एक ब्राह्मण त्यांच्या दारी आला. पानावर बसल्यावर त्याला रडू फुटलं, कारण घरी लेकरं उपाशी होती. दामाजींनी त्याच्या घरी धान्य धाडलं. मग बातमी पसरली, माणसं लोटली, आणि सुलतानाच्या मालकीचं कोठार दामाजींनी उघडलं. तक्रार बिदरला गेली, पकडून आणण्याचा हुकूम निघाला. दामाजी वाटेवर असतानाच विठू महाराच्या रूपानं खुद्द विठोबा बिदरला पोचला, धान्याची किंमत मोजली, आणि पैसे पोचल्याची पावती लिहून घेतली.

कीर्तनात बुवा विठोबाच्या धावण्याशी थांबतात. मी थांबते ते कोठाराशी. कोठार भरलेलं होतं आणि भोवती माणसं मरत होती, हे त्या कथेतलं सगळ्यात भयंकर वाक्य आहे. दुष्काळात धान्य संपतं असं आपण समजतो. अमर्त्य सेन यांनी १९८१ सालच्या आपल्या ग्रंथात दाखवलं, की पुष्कळदा धान्य असतं. ते मिळवण्याचा हक्क माणसाकडून निसटलेला असतो. मंगळवेढ्याच्या माणसाला हे कथेतूनच कळतं. आणि ते कोठार भरलं होतं कशानं? ह्याच रानांनी. ज्यांनी पिकवलं, तेच दारात हात पसरून उभे होते. दामाजींनी कोणाला काही दान केलं असं म्हणणं मला म्हणूनच जड जातं. इथून उचललेलं त्यांनी इथं परत ठेवलं.

आता माझ्या दुकानाकडे येते. अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा. अंत्योदयाच्या पिवळ्या कार्डाला महिन्याला ३५ किलो, प्राधान्य कुटुंबात माणशी ५ किलो. तांदूळ तीन रुपये, गहू दोन रुपये, भरड धान्य एक रुपया, असे दर कायद्यात होते. १ जानेवारी २०२३ पासून सगळं मोफत झालं. कायद्यात भरड धान्य हा शब्द आहे. माझ्या काट्यावर मात्र येतो तो गहू आणि तांदूळ. दुकानाच्या पायरीवरूनच त्यातला काही गहू वाट बदलतो. ज्या घरात दोन्ही वेळेला भाकरी, तिथं गहू सणापुरता लागतो. उरलेला कोणाला तरी देऊन बाई ज्वारी घेऊन येते आणि त्या अदलाबदलीत नेहमी तीच खाली राहते. हे नियमात बसत नाही. मी ते करत नाही, पण डोळे मिटूनही घेता येत नाहीत, कारण ज्वारी बहुतेक वेळा शेजारच्याच खळ्यावरून निघालेली असते.

एका वर्षी मी दुकानात बसल्याबसल्या मोठ्या तावातावानं बोलून गेले. म्हटलं, हे उलटं आहे. सरकारनं इथलीच ज्वारी घ्यावी, इथल्याच गरिबाला द्यावी, पैसा गावात फिरेल, शेतकरी ज्वारी सोडून उसाकडे पळणार नाही, जनावराला कडबा मिळेल. भीमनगरातल्या एक मावशी अंगठा लावायला रांगेत उभ्या होत्या. सत्तरीच्या पुढच्या. मशीन त्यांचा अंगठा कधी पहिल्या फेरीत घेत नाही. आयुष्यभर खुरपं धरून रेघा झिजल्यात. त्या शांतपणे म्हणाल्या, "वैनी, तुमचं बरोबर असंल. पन ह्या गव्हाला मालक न्हाई. खळ्यावरच्या ज्वारीला मालक हुता."

मला पुढं बोलता आलं नाही.

त्यांच्या आईबरोबर त्या लहानपणी खळ्यावर जात. रास मापून झाली, देवाचं निघालं, बाकीच्या बलुतेदारांचं निघालं, की शेवटी ह्यांचं. पदर लांबून पसरायचा, वरून धान्य पडायचं. कधी मातेरं, कधी चांगलं, ज्याच्या त्याच्या मनावर. त्या धान्याच्या बदल्यात वर्षभर हाक आली की धावायचं. ती ज्वारी इथलीच होती, शेजारच्याच रानातली, एक मैलसुद्धा न चाललेली. आज आपण जिला स्थानिक अन्न म्हणून गौरवतो, तीच. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक आणलं, त्यामागं असे पसरलेले पदर होते.

ह्याच मंगळवेढ्यात चोखोबा गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून गेले. त्यांची समाधी पंढरपूरला, नामदेव पायरीसमोर. ज्या गावाची भिंत बांधायची, त्या गावाच्या आत राहायचं नाही. "गावातलं गावात" हे शब्द मी मोठ्या प्रेमानं वापरत होते. त्या दिवसापासून प्रत्येक वेळी मला विचारावं लागतं, गाव म्हणजे भिंतीच्या कोणत्या बाजूचं?

मावशींना त्या पंजाबी गव्हात काय मिळालं, ते मला तेव्हा दिसलं. तो कोणाच्या मेहेरबानीनं येत नाही. पेरणाऱ्याचं तोंड त्यांनी पाहिलेलं नाही, त्यानं त्यांचं पाहिलेलं नाही. कायदा, कार्ड, अंगठा, पावती. पोळी जरा चिवट होते, पण गिळताना मान खाली घालावी लागत नाही. लांबून आलेल्या धान्याची ही किंमत आम्हा जमीनवाल्यांना सहजी कळत नाही.

तरीही मी माझा पहिला प्रश्न टाकून देऊ शकत नाही, कारण त्यातही खरं आहे. गांधीजींनी १९१६ साली मद्रासच्या भाषणात स्वदेशीची व्याख्या केली, ती धर्माच्या भाषेत केली होती. आपल्या लगतच्या परिसराची सेवा आणि त्याचाच उपयोग, दूरचं सोडून, असा तिचा भाव. शेजाऱ्याला ओलांडून केलेली सेवा त्यांना सेवा वाटत नव्हती. मला हे पटतं. माझ्या दुकानातून वर्षाला जेवढं धान्य जातं, तेवढी जरी ज्वारी चार गावांतून ठरलेल्या भावानं उचलली गेली, तर दोन एकरवाला पेरताना कचरणार नाही. २०२५-२६ च्या हमीभावाच्या यादीत मालदांडीचं नाव वेगळं छापलेलं आहे, क्विंटलला ३७४९ रुपये. पण भाव छापून येणं वेगळं आणि खरेदीचा काटा गावाजवळ उभा राहणं वेगळं. काटा नसेल तर तो आकडा शेतकऱ्याच्या कामाचा नाही. सुगीत त्याला हातउसने फेडायचे असतात. तो मिळेल त्या भावाला देऊन मोकळा होतो.

आणि दूरचं अन्न नेहमी सन्मानाचं असतं असंही नाही. दादा बहात्तरच्या दुष्काळाचं सांगायचे. खडी फोडायच्या कामावर सुकडी मिळायची, आणि रेशनवर मिलो. मिलो म्हणजे लाल ज्वारी, अमेरिकेतून आलेली. तिकडं ती मुख्यतः जनावरांच्या खाद्यासाठी पिकवतात. ज्वारीच्या ह्या मुलखानं त्या वर्षी परदेशातली ज्वारी खाल्ली. तिनं जीव वाचवले, हे दादा आधी सांगत आणि मगच तिच्या भाकरीबद्दल बोलत. भाकरी थापताना कडेला तडकायची, रंग विटकरी. त्यानंतरच्या वर्षांत राज्य सरकार शेतकऱ्याकडून लेव्ही म्हणून ज्वारी घेऊन रेशनवर देत असे. ती स्थानिकच होती. पण बरीचशी पावसाळी हायब्रीड, काढणीला पावसात सापडून काळी पडलेली. शेतकरी लेव्हीला तसली घालायचा आणि पांढरी घरी ठेवायचा. दादांच्या दुकानातून नेलेली ती ज्वारी लोक कोंबड्यांना टाकत. दादा म्हणत, "शेजाऱ्याचं धान्य, पण शेजाऱ्यानं टाकून दिलेलं." जवळपणानं आपोआप पुण्य लागत नाही.

मग पैसेच द्यावेत, असं म्हणणारे आहेत. मराठवाडा, अमरावती विभाग आणि वर्धा मिळून चौदा जिल्ह्यांतल्या केशरी कार्डाच्या शेतकरी कुटुंबांना २०२३ पासून धान्याऐवजी माणशी महिन्याला १५० रुपये खात्यावर देण्याचं ठरलं. मला ह्यात एक गोष्ट मनापासून आवडते. काय खायचं हे घेणाऱ्यानं ठरवायचं. भाकरी हवी त्यानं ज्वारी घ्यावी. पण बाजारात ज्वारी चढली की तेवढ्या पैशात किती किलो बसते, ते प्रत्येक बाईला पाठ असतं. ५ किलो धान्य दुष्काळातही ५ किलोच भरतं. रुपया मात्र नेमका दुष्काळात हलका होतो.

मग त्या पैशावर अट घालावी का? इथल्याच शेतकऱ्याकडून घेतलं तरच पैसे, अशी? अमेरिकेत १९३९ साली न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात अन्नाची तिकिटं पहिल्यांदा वाटली गेली. ती दोन रंगांची होती. नारिंगी तिकिटं पैसे देऊन घ्यायची, त्यांवर कोणतंही अन्न मिळे. त्यांच्याबरोबर निळी तिकिटं फुकट, पण ती सरकारनं जाहीर केलेल्या शिलकी मालावरच चालत. म्हणजे शेतकऱ्याच्या घरी जे उरलं, ते गरिबानं खायचं. त्यांचे हेतू चांगले होते. तरी ते निळं तिकीट मनात आलं की मला पसरलेला पदर दिसतो. त्याच देशात २००९ साली डेट्रॉइटला दुसरी पद्धत सुरू झाली. अन्नमदतीच्या पैशातून शेतकऱ्यांच्या बाजारात खरेदी केली, तर त्या भागातली भाजी-फळं घ्यायला तेवढीच भर वर मिळायची. नाही केली, तर मूळ मदतीतला पैसाही कमी होत नव्हता. पहिल्या पद्धतीत गरिबाचा हात धरलेला आहे, दुसरीत त्याच्या हातावर काही ठेवलेलं आहे. माझ्या मते देणं आणि बांधणं ह्यांतला फरक इथं उघडा पडतो.

विनोबा दान शब्दाचा अर्थ वाटणी असा करत. ज्याचं आहे ते त्याला पोचवणं. हा अर्थ धरला की अटीचा प्रश्न बराच सुटतो. वाटणी देताना भाऊ भावाला सांगत नाही की तुझ्या वाट्याचं तू कुठं खर्च. पण वाटणी करणाऱ्यावर बंधनं असतात. माप खरं हवं, निवडलेलं हवं, वेळेवर हवं, आणि वाटणीचं धान्य कुठून आणलं ह्याचा जाब त्यानं द्यायला हवा. म्हणून माझं मत असं बनलं आहे, की अट घालायचीच तर ती देणाऱ्यावर घालावी. सरकारनं खरेदी जवळून करावी, चांगल्या मालाची करावी. कार्डवालीनं मात्र ज्वारी मागावी, गहू मागावा, दोन्ही मागावं. तिच्या नातवंडांना पोळी आवडते, आणि गरिबाच्या नातवाला पोळी आवडू नये असा कुठला धर्म नाही.

हे केवळ मनोराज्य नाही. कर्नाटकात दक्षिणेकडे नाचणी आणि उत्तरेकडे ज्वारी रेशनवर दिली जाते. ओडिशानं २०१७ साली भरड धान्याची मोहीम सुरू केली आणि आदिवासी शेतकऱ्यांची नाचणी विकत घेऊन रेशनवर आणली. पण मला सगळ्यात जवळचं वाटतं ते झहीराबादचं काम. तेलंगणातलं झहीराबाद बिदरपासून फार लांब नाही; दामाजींना जिथं नेत होते, त्याच मुलखातलं. तिथं नव्वदच्या दशकात डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीबरोबर काम करणाऱ्या बायकांच्या संघांनी स्वतःचं रेशन उभं केलं. पडीक जमीन असलेल्या लहान शेतकऱ्यांना मशागतीला पैसे दिले. त्यांनी ते पुढच्या काही वर्षांत ज्वारीच्या रूपानं फेडायचे. ती ज्वारी गावातच साठवायची आणि ओढाताणीच्या महिन्यांत सर्वांत गरीब घरांना स्वस्तात द्यायची. गरीब कोण, हे गावानं एकत्र बसून ठरवायचं. त्या संघांतल्या बहुतेक बायका दलित होत्या. ज्यांच्या आया खळ्याच्या कडेला उभ्या राहिल्या, त्यांच्या कमरेला कोठाराची किल्ली आली. ज्वारी तीच, जवळपणही तेच. मावशींच्या बोलण्यावर मला मिळालेलं पहिलं उत्तर हे.

तरी एक काटा रुततोच. दामाजींच्या दारात आलेला पहिला भुकेला मंगळवेढ्याचा नव्हता, पंढरपूरचा होता. दामाजींनी त्याला गाव विचारून परत लावलं नाही. २०२० च्या एप्रिलमध्ये ऊसतोडीची चार कुटुंबं आमच्या शिवारात अडकली. कार्डं गावाकडं, एकाचं तर नावच यादीत चढलेलं नाही. दुकानात पोत्यांची थप्पी, माझ्याकडे किल्ली, आणि मशीनला त्यांचे अंगठे ओळखीचे नाहीत. रात्रभर मला झोप नव्हती. दामाजींचं नाव घेणं सोपं आहे, त्यांच्यासारखं कुलूप काढणं माझ्यानं झालं नाही. सकाळी मी घरच्या कणगीतून दोन पोती ज्वारी काढली आणि त्यांच्या पालांवर नेऊन दिली. त्यातली एक पोरगी उभ्याउभ्या कच्चेच दाणे चावायला लागली. जवळचं अन्न जवळच्यासाठी, असा नियम करायला निघालं की ती पोरगी माझ्यासमोर येते. पीक जवळचं असावं. भुकेला कुठलाही असो.

सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत मी ठराव मांडला. तालुक्यातली रब्बी ज्वारी सरकारनं हमीभावानं घ्यावी आणि आमच्या दुकानांतून द्यावी. बागायतदार बोलले, दोन तरुण पोरं बोलली, कोणी म्हणालं की ज्वारी काढायला माणूस मिळत नाही, त्याचं आधी बघा. ते खरंच आहे. काढणी आली की ज्वारी हातानं उपटायची, एकेक ताट. ग्रामसेवक लिहून घेत होते. मागं भिंतीला टेकून बसलेल्या मावशी उठल्या.

"आन ज्येला गहू पायजे त्येला?"

सभा जरा गप्प झाली. मी म्हटलं, तेही लिहा. ज्याला जे हवं ते त्यानं घ्यावं, ज्वारीची सक्ती नको. ग्रामसेवकांनी ती ओळ घातली. मावशींना तेवढ्यावर समाधान नव्हतं. त्या म्हणाल्या, मापायला काट्यावर आमच्या वस्तीतली एक बाई असू द्या. ह्यावर थोडी कुरबुर झाली. एक जण म्हणाले, ठरावात असलं कुठं घालतात. मी उभीच राहिले आणि म्हटलं, घालतात. ती ओळही गेली.

ठराव वर गेला आहे. अजून उत्तर आलेलं नाही. त्या दिवशी सह्या होताना मावशींनी अंगठा उमटवला, शाईचं बोट पदराला पुसलं आणि मला विचारलं, "ह्येची पावती मिळती का?" मी ग्रामसेवकांकडून ठरावाची नक्कल मागून घेतली. ती त्यांच्या पिवळ्या कार्डाच्या पिशवीत आहे. दर महिन्याला त्या कार्ड काढतात तेव्हा ती बाहेर येते, आणि त्या ती परत नीट घडी करून आत ठेवतात.